कुत्र्याला घेऊन जंगलात ट्रेकला जायचंय? मग आधी हे सगळं नीट वाचा

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, बाकीचं मग. कुत्रा दमलो म्हणून थांबत नाही. तुम्ही चालताय ना, मग तोही चालणार, जीभ लोंबेपर्यंत चालणार आणि मग एकदम बसणार, आणि तो बसला की वेळ बरीच निघून गेलेली असते.

हे मला राजमाची किल्ल्याच्या वाटेवर कळलं, फेब्रुवारीच्या शेवटी. आमची भुरी, गावठी, १८ किलोची, तेव्हा चार वर्षांची होती. सकाळी निघायला उशीर झाला, वाट सपाट आहे म्हणून आम्ही निवांत होतो, आणि अकराच्या सुमाराला ती करवंदीच्या जाळीखाली जी जाऊन पडली ती उठेचना. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, धाप थांबेना. पाणी होतं पण आम्हा दोघांपुरतं. गुरं घेऊन चाललेले एक दादा थांबले, म्हणाले "ताई, आता तिला चालवू नका, झोळी करा." त्यांच्याच चादरीची झोळी करून, पोटावर ओढ्याचं पाणी ओतत ओतत आम्ही तिला गाडीपर्यंत आणलं. ती वाचली. त्या दिवसानंतर आम्ही ट्रेक आखायची पद्धतच बदलली, आता ट्रेक कुत्र्याच्या मापाने ठरतो, आणि खालचं सगळं त्यातूनच आलंय.

कुत्रा न्यायच्या लायक आहे का, हे आधी बघा

एक वर्षाच्या आतलं पिल्लू लांबच्या चढउताराला नेऊ नका. हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, लॅब, जर्मन शेफर्ड, डॉबरमनसारख्या मोठ्या जातींना तर दीड वर्षापर्यंत थांबलेलं बरं. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आपल्या हवेत ट्रेक नकोच, त्यांना धापा टाकूनही अंग नीट गार करता येत नाही. हस्की आणि सेंट बर्नार्डलाही नको, कितीही गोड फोटो येत असले तरी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजातून येतो तेवढाच, बाकी सगळी उष्णता जिभेवाटे धापा टाकून बाहेर काढायची, हे डोक्यात पक्कं असलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप बरोबर येतात.

म्हातारा कुत्रा, हृदयाचा त्रास असलेला, वजन जास्त असलेला, यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा. आणि मादी हीटवर असेल तर अजिबात नेऊ नका, वाटेतल्या प्रत्येक वाडीतली सगळी कुत्री मागे लागतात, भांडणं होतात, सांभाळणं अशक्य होतं.

जागा निवडताना

इथे बरेच जण चुकतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याप्रमाणे अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात मनाला येईल तसं शिरता येत नाही, आणि पाळीव कुत्रा घेऊन तर नाहीच असं धरून चाला. म्हणजे मुंबईकरांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बाद, कर्नाळा बाद, फणसाड बाद. भीमाशंकर, कोयना, चांदोली बाद. आणि लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा पट्टासुद्धा अभयारण्यच आहे. "सगळे नेतात की" म्हणून नेऊ नका.

यामागे कारण आहे, नुसता नियम नाहीये तो. कुत्र्याचा वास, मूत, विष्ठा हे जंगलातल्या प्राण्यांसाठी शिकारी आल्याची खूण असते, आणि कुत्र्यांचे आजार जंगलात पसरतात. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह थोड्याच दिवसांत मेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि हा आजार आपल्या कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. म्हणून लस न घेतलेला कुत्रा जंगलात नेणं मला चुकीचंच वाटतं, मग ते अभयारण्य असो नसो.

मग जायचं कुठे? अभयारण्याबाहेरच्या, गावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा. आमची आवडती म्हणजे तीच, लोणावळ्याहून तुंगार्ली, वळवंड, फणसराई करत राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला जाणारी. एका बाजूने साधारण १५-१६ किलोमीटर, बरीचशी सपाट, बैलगाडीवाटेसारखी रुंद, मधेमधे दाट झाडी. कर्जतच्या बाजूने कोंढाणे लेण्यांवरून येणारा चढ मात्र खडा आहे, कुत्र्याला घेऊन तो टाळा. आणि पूर्ण १५ किलोमीटर एका दमात करायचे नाहीत, मधे जिथे गाडी लावता येईल तिथून चार-पाच किलोमीटर जायचं आणि तसंच परत, पहिल्या वेळी एवढं पुष्कळ झालं. कुठलीही वाट असो, आदल्या दिवशी गावात कोणाला तरी फोन करून विचारा की कुत्रा आणला तर चालेल का, आणि वाटेत वनखात्याची चौकी असेल तर तिथेही विचारा.

महिना आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, बस. ऑक्टोबर हीटमध्ये नको, मार्च ते मे तर विचारच करू नका, कातळ तापतो आणि पंजे भाजतात. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद ठेवा, ठेववत नसेल तर कुत्र्यालाही तिथे चालवू नका.

पावसाळ्याबद्दल मला माहितीये बरेच जण नाराज होतील. पावसात सह्याद्री सगळ्यात सुंदर दिसतो हे खरंच आहे, पण घसरड, जळवा, एकदम फुगणारे ओढे, शनिवार-रविवारची गर्दी आणि लेप्टो. लेप्टोस्पायरोसिस उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून होतो, कुत्रा डबकं दिसलं की तोंड घालतोच, आणि कुत्र्याकडून तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात मी भुरीला जवळच्या टेकडीपलीकडे नेत नाही.

सकाळी सहाला चालायला सुरुवात, दहापर्यंत उघड्यावरचा भाग संपलेला पाहिजे. अकरानंतर सावलीत. आणि अंधार पडायच्या खूप आधी गाडीत, त्याचं कारण पुढे येतंय.

दीड-दोन महिने आधीपासूनची तयारी

एकदम ट्रेक नाही. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी आहे, मुंबई-ठाण्यात असाल तर जिथे कुत्रा चालतो अशी कुठलीही मातीची चढाची वाट बघा. पहिले दोन आठवडे ३ किलोमीटर, मग ५, मग ८, आठवड्यातून दोनतीन वेळा. फुटपाथवर आणि फरशीवर वाढलेल्या कुत्र्याचे तळवे मऊ असतात, मुरमाड वाटेवर ते सोलवटतात, त्यांना घट्ट व्हायला हा वेळ लागतो. प्रत्येक वेळी घरी आल्यावर तळवे बघा.

याच काळात तीन शब्द पक्के करा, "थांब", "ये" आणि "सोड". मला विचाराल तर "सोड" सगळ्यात महत्त्वाचा. जंगलात मेलेलं जनावर असतं, कोणी टाकलेली चिकनची हाडं असतात, आणि काही ठिकाणी रानडुकरांसाठी पिठात गुंडाळून ठेवलेले गावठी बॉम्ब असतात, जे चावल्यावर फुटतात. तारेचे फासेसुद्धा डुकरांसाठीच लावलेले असतात, शेताच्या कडेला, झुडपातल्या पायवाटांवर. माणूस वाटेवरून जातो म्हणून त्याला ते दिसत नाहीत, कुत्रा झुडपात शिरतो. म्हणून लीश.

लसींचं म्हणाल तर रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टोची, दोन्ही चालू वर्षाच्या पाहिजेत, आणि ट्रेकच्या किमान दोनतीन आठवडे आधी घेतलेल्या, कारण लस अंगी लागायला वेळ लागतो. गोचिडांसाठी महिनाभर चालणारी किंवा तीन महिने चालणारी गोळी मिळते, डॉक्टरांना वजन सांगून तीच द्या. नुसता पावडर-स्प्रे जंगलात पुरत नाही.

सॅकमध्ये काय

हार्नेस, छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा येणारा. गळ्यातल्या पट्ट्याला लीश लावू नका, घसरला तर सगळा हिसका मानेला बसतो. आणि पाठीवर हँडल असलेला हार्नेस घेतला तर दगडाच्या पायरीवर कुत्र्याला उचलून घेता येतं. लीश साधी, दीड-दोन मीटरची, कमरेला अडकवायची असली तर दोन्ही हात मोकळे राहतात (उतारावर मात्र कमरेची काढून हातात घ्या, त्याने ओढलं तर तुम्ही पडाल). बटण दाबून लांब होणारी डोरीवाली लीश नको, झुडपात गुंतते. गळ्यात पट्टा वेगळा राहू दे, त्यावर नाव आणि फोन नंबर कोरलेला बिल्ला.

पाणी. कुत्र्याला साध्या दिवशी किलोमागे ५०-६० मिलीलीटर लागतं, म्हणजे भुरीला घरी बसूनच एक लीटर. ट्रेकला मी तिच्या एकटीसाठी दोन लीटर घेते, आमचं वेगळं. घडीची वाटी घ्या, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा, मागायची वाट बघू नका.

खाणं निघायच्या तीन तास आधी हलकं, पोट भरून लगेच पळवलं तर मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो आणि ते जिवावर बेततं. वाटेत उकडलेलं अंडं, उकडलेलं चिकन, थोडी चपाती. तुमच्या सुक्या खाऊत मनुका असतात त्या कुत्र्यासाठी विषारी आहेत, द्राक्षंही. चॉकलेट विषारी. कांदाही नाही, म्हणजे गावात नाश्त्याला पोहे आणि कांदाभजी आली की ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कोणीतरी प्रेमाने भरवतोच.

औषधाच्या पिशवीत: सलाईनची छोटी बाटली जखम धुवायला, पोविडोन आयोडीन, गॉज, स्वतःलाच चिकटणारं बँडेज, बोथट टोकाची कात्री, चिमटा, जुना पायमोजा (पंजाला बँडेज केल्यावर वरून घालायला), आणि तोंडाला बांधायला कापडी पट्टी, कारण दुखत असलं की सगळ्यात गरीब कुत्राही चावतो. पण धापा टाकत असेल किंवा उलटी होत असेल तर तोंड बांधायचं नाही. माणसांच्या गोळ्या, क्रोसिन, ब्रुफेन, काहीही देऊ नका, त्याने जीव जाऊ शकतो. आणि एक जाड चादर. आमच्या सॅकमध्ये ती आता कायम असते.

फोनमध्ये दोन नंबर पाहिजेत, वाटेतल्या शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा आणि तुमच्या नेहमीच्या. रविवारी ते उघडे असतात का, आणि सापाचं औषध त्यांच्याकडे असतं का, हे दोन्ही आधीच विचारून ठेवायचं.

चालताना

पहिली पंधरा मिनिटं हळू. त्याला वास घेऊ दे, शी-शू उरकू दे. शी पिशवीत भरून परत आणायची, वाटेवर किंवा ओढ्याजवळ सोडायची नाही, जंगलच आहे कुठे बिघडलं असं म्हणू नका, वर आजारांबद्दल लिहिलंय ते आठवा.

लीश सुटता कामा नये, "आमचा खूप शहाणा आहे" असला तरी. वानरांची टोळी समोरून गेली की शहाणपण राहत नाही. ससा, भेकर, रानकोंबडी, मोर, काहीही उठलं की तो धावणार, आणि मग कडा, फासा, विहीर. गुरं-शेळ्या समोरून आल्या तर वाटेच्या खालच्या बाजूला उतरून कुत्र्याला बसवा आणि त्यांना जाऊ द्या. गाभण शेळी घाबरून पळाली तर गुराख्याचं खरंखुरं नुकसान होतं. गुराख्यांची आणि धनगरांची राखणीची कुत्री अंगावर येतात, त्यांच्यावर दगड उचलू नका, मालकाला हाक मारा, "दादा, कुत्रं बांधता का" म्हणून, आणि आपल्या कुत्र्याला मागे घेऊन हळू बाजूने काढा.

गावात शिरायच्या आधी विचारा. कोणाच्या अंगणात नेऊ नका, कोंबड्या असतात. देवराई आणि देवळाच्या आवारात नको, राजमाचीला भैरवनाथाचं देऊळ आहे तिथे आम्ही आळीपाळीने जातो, एक जण भुरीजवळ थांबतो. आणि हे तर फारच कळकळीने सांगते, गडावरच्या टाक्यात आणि गावच्या तळ्यात कुत्र्याला उतरवू नका. उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना तेच प्यायचं पाणी असतं. तुम्हाला पाच मिनिटांची मजा, त्यांना वर्षभराचं पाणी.

दर तासाला पाच-दहा मिनिटं सावलीत थांबून हे बघायचं: चारही पंजे, बोटांच्या मधल्या जागा, कान, डोळे, हिरड्यांचा रंग. हिरडी गुलाबी पाहिजे, बोटाने दाबून सोडली की पांढरी पडून दोन सेकंदात परत गुलाबी झाली पाहिजे. धाप पाच-दहा मिनिटांत बसली पाहिजे. बसत नसेल तर तिथूनच परत. बालेकिल्ला समोर दिसत असला तरी परत. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले कुठे जात नाहीत.

काय काय होऊ शकतं

*ऊन लागणं.* कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४-१०५ च्या पुढे गेलं की धोका. खुणा म्हणजे न थांबणारी धाप, लालभडक किंवा उलट पांढुरक्या हिरड्या, चिकट लाळ, झोकांड्या, उलटी. तेव्हा आधी गार करायचं, मग हलवायचं. सावलीत घ्या, पोट, काखा, जांघा यांवर पाणी ओता आणि टोपीने-पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, त्याने उष्णता आत कोंडते. पाणी जबरदस्तीने पाजायचं नाही, पीत असेल तर घोट घोट. आणि नंतर बरा वाटला तरी डॉक्टरकडे न्यायचंच, आतल्या अवयवांवर परिणाम एकदोन दिवसांनी दिसतो.

*साप.* नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत. कुत्रा नाक खुपसतो म्हणून चावा बहुतेक तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर असतो. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस काढा, सूज वाढली तर तेच आवळतात. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. चालवायचं नाही, झोळीत घ्यायचं, आणि निघतानाच फोन करून विचारायचं की औषध आहे का, नसेल तर कुठे आहे. साप मारत किंवा शोधत बसू नका.

*आग्या मोहोळ.* कड्याखाली, लेण्यांत, मोठ्या झाडांवर असतं. अत्तर-डिओ नको, धूर नको, आणि कुत्र्याला तिथे भुंकू देऊ नका. माश्या उठल्या तर कुत्र्याला घेऊन पळा, झोपून राहू नका.

*कुसळं आणि खाजकुयली.* पावसाळा संपला की गवत वाळतं आणि कुसळं कानात, बोटांच्या मधे, नाकात घुसतात, आणि ती फक्त पुढेच सरकतात. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल, एका बाजूला मान वाकडी करत असेल, तर कानात गेलंय असं समजा. आत खोल असेल तर चिमटा घालू नका. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाटेवर लोंबत असतात, त्या ओळखायला शिका आणि लांबून जा.

*बिबट्या.* हा विषय लोक हसण्यावारी नेतात, नेऊ नका. अकोले तालुक्याच्या भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, साधारण ३९ टक्के. म्हणजे कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. म्हणून संध्याकाळच्या आत परत, आणि मुक्काम करायचा झाला तर कुत्रा घरात किंवा तंबूत तुमच्या शेजारी, बाहेर खांबाला बांधून कधीच नाही. रात्री शूला नेतानाही दोघांनी जायचं, टॉर्च घेऊन, लीशवर.

घरी आल्यावर

कितीही दमलात तरी आधी त्याचं, मग तुमचं. उजेडात बसवून नाकापासून शेपटीपर्यंत बोटांनी चाचपायचं. गोचीड कानाच्या आत, काखेत, बोटांच्या फटीत, शेपटीखाली लपते. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ, सावकाश ओढायची. रॉकेल, तेल, काडीपेटी, काही नको, बोटांनी चिरडायची पण नाही. काढलेली स्पिरिटमध्ये टाका. मग कोमट पाण्याने अंघोळ, पंजे कोरडे पुसून बोटांमधे परत एकदा नजर.

दुसऱ्या दिवशी तो झोपून राहिला, थोडा आखडला, तर ठीक आहे. तिसऱ्या दिवशीही लंगडत असेल तर दाखवा.

गोचीड तापाचं मात्र लगेच कळत नाही, एक ते तीन आठवड्यांनी वर येतं. ताप, जेवणाला नको म्हणणं, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, फिक्या हिरड्या, गडद लघवी, यातलं काहीही दिसलं तर "जंगलात नेलं होतं" हे डॉक्टरांना आपणहून सांगा आणि रक्ताची तपासणी करून घ्या, लवकर कळलं तर औषधाने बरं होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ट्रेकच्या तारखेला गोल असतो आणि तिथून एकविसाव्या दिवशी दुसरा, तोपर्यंत भुरीने एक जेवण जरी सोडलं तरी मी थर्मामीटर काढते.